रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं वाक्य

७ ऑक्टोबर

मी टाइप केलेल्या पानावर एक वाक्य आहे, जे बोलणाऱ्याने उच्चारलेलंच नाही. आज रेकॉर्डिंग तीनदा ऐकून खात्री केली. म्हणून ही वही. रोजनिशी लिहिणं हा आजवर मी रिकामटेकड्यांचा उद्योग समजत आले. पण नोंद नसली की चूक कुठून शिरली ते कळत नाही, आणि ही चूक मला सापडायलाच हवी.

आधी वस्तुस्थिती. तर्कशास्त्राची पदवी घेतली, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सदतीस वर्षं टंकलेखन केलं. निवृत्तीनंतर गेली चार वर्षं ‘नेणीव अभ्यासगटा’त आहे. माणसाच्या मनाचा जो भाग त्याच्या नकळत काम करतो, तो तीन शास्त्रांनी तीन बाजूंनी पाहायचा, असा हा खटाटोप. मानसशास्त्राच्या संचालकबाई, मेंदूवाले डॉक्टर आणि लोककथांचे सर, असे तिघे. लोक येतात, छोट्या खोलीत बसून चाळीस मिनिटं मनात येईल ते बोलतात. कुणी स्वप्न सांगतं, कुणी लहानपण, कुणी मध्येच गप्प बसतं. मी कानाला यंत्र लावून ते शब्दशः उतरवते. पायाखालची पट्टी दाबली की आवाज थांबतो. उसासा आला तर कंसात ‘उसासा’ लिहायचा. पदरचं काही घालायचं नाही.

आज सकाळी बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्या बोलण्याच्या प्रतीवर सही करायला आले. बहुतेक लोक न वाचताच सही ठोकतात. हे अकरा पानं ओळीखाली बोट धरून वाचत बसले. सातव्या पानावर बोट थांबलं.

“बाई, राग मानू नका. पण हे मी बोललो नाही.”

“कोणतं?”

“हे. ‘मी हाक ऐकली होती.’ कसली हाक? मी तर वाऱ्यात दोर कसा सुटला ते सांगत होतो.”

“ओघात काय बोललो ते माणसाला आठवत नाही. म्हणून तर हा अभ्यास चाललाय.”

“असेल. पण तीस वर्षं खालच्या माणसाच्या हाकेवर हात हलवलाय मी. हाक ऐकली असती तर विसरलो नसतो.”

त्यांची जिरवावी म्हणून मी यंत्र त्यांच्याच कानाला लावून दिलं. मग स्वतः ऐकलं. दोर सुटला, ते गप्प झाले, नऊ सेकंद नुसती पंख्याची घरघर, आणि पुन्हा दोर. हाक नाही. जिरली ती माझी.

“होतं हो बाई,” ते जाताना म्हणाले.

माझ्या हातून असं होत नाही.

९ ऑक्टोबर

आणखी चार प्रती काढून ताडून पाहिल्या. बेकरीवालीच्या प्रतीत तेच वाक्य. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या प्रतीत नाही. परिचारिकेच्या प्रतीत आहे. दृष्टी गेलेल्या वादकाच्या प्रतीत आहे, दोनदा. रेकॉर्डिंगमध्ये एकातही नाही.

हे इतके दिवस दिसलं कसं नाही, याचं उत्तर मात्र लगेच मिळालं, आणि ते माझ्या शिस्तीतच आहे. मी प्रत तपासते ती उलटी. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. अर्थ लागला की डोळा घसरतो आणि वेलांटी निसटते. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द सुटा समोर येतो. ‘होती’ शुद्ध. ‘ऐकली’ शुद्ध. ‘हाक’ शुद्ध. ‘मी’ शुद्ध. पुढे चला. परीक्षा विभागात ही रीत मी चौघींना शिकवली आणि माझ्या प्रतीत कधी काना चुकला नाही. मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहायची गरज कुणाला वाटली नाही. मलाही नाही.

१० ऑक्टोबर

आज तिघांची बैठक होती. टिपणं घ्यायला मी कोपऱ्यात.

संचालकबाई आल्या त्याच उजळलेल्या चेहऱ्याने. त्रेसष्ट लोकांपैकी सव्वीस जणांच्या बोलण्यात एकच वाक्य सापडलंय. वय, धंदा, शिक्षण, कशाचा कशाला मेळ नाही. वाक्य मात्र तेच.

“आणि येतं कुठे पाहा,” त्या म्हणाल्या. “नेहमी शांततेच्या आधी किंवा नंतर. मन मोकळं सुटतं तिथे.”

“साधं आहे,” मेंदूवाले म्हणाले. “ऐकण्याचा भाग रिकामा राहिला की स्वतःच आवाज तयार करतो. डोळा लागताना नाही का कुणी नावाने बोलावल्यासारखं वाटत?”

“तुमच्या मेंदूच्या आधीपासून लोकांना हे माहीत आहे,” लोककथांचे सर म्हणाले. “जिथे जाल तिथे म्हाताऱ्या सांगतात, पहिल्या हाकेला ओ देऊ नये.”

“तुमचं भूत एकदा माझ्या यंत्रात आणून झोपवा, मग बोलू.”

“ते झोपत नाही, हीच तर त्याची ख्याती!”

चार वर्षांत ही माणसं एकत्र हसलेली मी पाहिली नव्हती. आजवर एकाचा पाय उत्तरेला तर दुसऱ्याचा दक्षिणेला. तीस तारखेला समिती येणार आहे आणि तिन्ही शास्त्रांना मान्य असा एक तरी निष्कर्ष हाती नसेल तर गट बंद होणार. संचालकबाई पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांनी निबंधाचा मथळा फळ्यावर लिहिला: ‘हाक’.

मी टिपणं पूर्ण केली. तोंड उघडलं नाही. तसं का केलं ते मी इथे खरंखरं लिहिणार होते, पण मला ते नीट माहीत नाही. चूक ती चूक, मग ती कुणाच्या आनंदावर पाणी टाकणारी का असेना. तरी मी गप्प बसले.

१३ ऑक्टोबर

सुट्टी. घरकाम केलं. घरात आम्ही दोघीच, मी आणि धाकटी बहीण. ती अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी धाकटीच. लग्न मी केलं नाही, आणि तिने स्वतःचं होऊ दिलं नाही. दारावर पडदे शिवून घेणाऱ्यांची रांग असते. माप घ्यायला मात्र ती कुणाच्या घरी जात नाही, लोकांनीच खिडक्यांची मापं आणून द्यायची. कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तरी परत येताना जिन्यापासून “आले गं” म्हणते. दहा वेळा सांगितलं, आवाज चढवू नकोस, शेजारी काय म्हणतील. फाजील काळजी हा तिचा जन्माचा रोग आहे.

दुपारी कपाट आवरलं, जुनी वर्तमानपत्रं बांधली, मी हाक ऐकली होती, धाकटीने शिलाईयंत्राला तेल घातलं. संध्याकाळी नळाला पाणी कमी होतं. आता वेळेवर झोपते.

१५ ऑक्टोबर

आज प्रयोग केला. शास्त्रज्ञ मीही होऊ शकते.

नवं रेकॉर्डिंग घेतलं, एका घड्याळजीचं, आणि बोटांवर नजर ठेवून टाइप करायला बसले. पहिली पाच पानं स्वच्छ. सहाव्यावर घड्याळजी त्याच्या वडिलांच्या दुकानाबद्दल बोलता बोलता थांबला. मी पट्टी दाबली नाही. शांतता चालू दिली. मनात काय होतं? काही नाही. खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. तो पुन्हा बोलू लागला, मीही टाइप करू लागले, आणि पान संपल्यावर वर पाहिलं तर ते तिथे होतं. पूर्णविरामासकट.

मला बोटं हललेली कळली नाहीत. जिच्या पुढे फक्त आपल्या हातांकडे पाहण्याचं काम होतं, तिला ती दिसली नाहीत.

दार लावून थोडा वेळ बसले. हात मांडीवर ठेवले होते. एखाद्या परक्या बाईचे हात आपल्या मांडीवर ठेवलेले असावेत, तसे.

१६ ऑक्टोबर

सव्वीसही रेकॉर्डिंग तेवढ्या जागेपुरती पुन्हा ऐकली. प्रतीतलं वाक्य सगळीकडे, बोलणारा थांबतो तिथेच आहे. कुणी सात सेकंद थांबतं, कुणी वीस. माणसं गप्प झाली की मी लिहिते.

१८ ऑक्टोबर

धाकटीला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. आठ दिवस राहायला ये म्हणते. मैत्रिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि सोबत हवी आहे.

“जा की,” मी म्हटलं.

“आणि तू?”

“मी काय पाळण्यात आहे?”

“तसं नाही गं अक्का. पण तुला काही झालं तर?”

“झालं तर शेजारी आहेत, फोन आहे. आणि मला काय होणार आहे? लोखंडाचा खिळा आहे मी.”

ती कापडावर खडूने रेघ मारत राहिली. मग म्हणाली, “तेव्हाही असंच वाटलं होतं मला. पंधरा मिनिटांत येते, काय होणार आहे.”

एकेचाळीस वर्षांत पन्नासदा तरी झालेलं हे बोलणं. आई ऑपरेशननंतर खालच्या खोलीत झोपून होती. दुपारी दोन ते चार तिच्याजवळ बसायची पाळी धाकटीची. धाकटी याच मैत्रिणीकडे पंधरा मिनिटं म्हणून गेली आणि तास लावून आली. तेवढ्यात आई उठायला गेली आणि पडली. वर माडीवर मी परीक्षेसाठी टाइपरायटरवर वेग मोजत होते. मशीनच्या खडखडाटात मला काही ऐकू आलं नाही. हे सगळ्यांना माहीत आहे.

मी नेहमीप्रमाणे तिला सांगितलं, “जुनं उगाळून काय उपयोग? मला तरी कुठे काही ऐकू आलं?” तिने नेहमीप्रमाणे मान डोलावली.

पत्राला तिने नकार कळवला.

२१ ऑक्टोबर

आज सांगितलं. तिघांना एकत्र बसवून, उभ्यानेच. किती प्रती, कोणती पानं, तपासण्याची उलटी रीत, घड्याळजीवरचा प्रयोग. निबंधातलं ते वाक्य त्रेसष्टांपैकी कुणाही माणसाचं नाही, ते माझ्या बोटांचं आहे. चौदा दिवस माहीत असून बोलले नाही, हेही सांगितलं.

मेंदूवाले आधी सावरले. “बाई, पण हे तर त्याहून भारी! जागेपणी, पूर्ण वेगात, नकळत… तुम्ही दोन तास माझ्या यंत्रात बसाल का?”

“मी नमुना नाही. मी टंकलेखक आहे.”

“नमुन्याला वेगळं काही यावं लागत नाही हो.”

“डॉक्टर, पुरे,” संचालकबाई म्हणाल्या. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, उठल्या आणि मथळा पुसला. हाताने पुसला, डस्टर शेजारीच होता. मग म्हणाल्या, “समितीला मी कळवते. तुमचं नाव येणार नाही.”

“यायला हवं. चूक माझी आहे.”

“बाई, कधीतरी कुणी काही दिलं तर घ्या हो.”

मी पेनचं टोपण काढलं आणि काही न लिहिता पुन्हा लावलं. हेही माझ्या बाबतीत होत नाही.

लोककथांचे सर इतका वेळ चष्मा पुसत होते. त्यांनी अगदी साध्या आवाजात, रस्ता विचारावा तसं विचारलं, “पण हाक कुणाची?”

“म्हणजे?”

“हाक म्हटली की मारणारा आला. गोष्टीत तो असतोच.”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मोठा आला असावा, कारण तिघांनीही वर पाहिलं.

२२ ऑक्टोबर

सकाळी ही वही तपासायला घेतली. सवयीने शेवटून सुरुवात केली होती. मग थांबले आणि पहिल्या पानापासून सरळ वाचली, गोष्ट वाचावी तशी.

तेरा तारखेला कपाट आणि शिलाईयंत्राच्या मध्ये ते आहे. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत. त्या खोलीत ना कानाला लावायचं यंत्र होतं, ना कुणी बोलणारं.

कचेरीत गेले नाही. एकेचाळीस वर्षांत आजारपण सोडून पहिल्यांदा.

त्याच दिवशी, दुपार

आता लिहिते. खाडाखोड करणार नाही.

मशीनला आवाज असतो, पण सारखा नसतो. ओळ संपली की घंटी वाजते, गाडा मागे ढकलायचा असतो, आणि त्या दीड सेकंदात घर ऐकू येतं. मी घड्याळ लावून दहा मिनिटांची चाचणी देत होते. मिनिटाला चाळीस शब्दांच्या वर गेले तर नोकरीसाठी नाव जाणार होतं. सातव्या मिनिटाला, गाडा मागे ढकलताना, आईने मला बोलावलं. माझ्या नावाने. मोठ्याने नाही.

मला वाटलं, धाकटी आहे खाली.

पुढच्या ओळीच्या शेवटी पुन्हा बोलावलं. मला वाटलं, धाकटी असताना मला कशाला बोलावते, हिचं नेहमीचंच.

तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा दीड मिनिट उरलं होतं. मी पान पूर्ण केलं. शब्द मोजले. मिनिटाला बेचाळीस आले. मग खाली गेले. ती पलंग आणि दार यांच्या मध्ये होती, हात दाराकडे. तेव्हा बोलण्यासारखी राहिली नव्हती.

धाकटी धापा टाकत आली तेव्हा बाबा पोचले होते. मला त्यांनी विचारलं, तुला ऐकू आलं नाही? मी म्हटलं, मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. त्यावर त्यांनी मान वळवली आणि तिला विचारलं, “तू कुठे होतीस?”

एवढंच. पुन्हा कधी विचारलं नाही. आवाजही चढवला नाही. ती सतरा वर्षांची होती. मी तिथेच उभी होते, आणि माझ्या हातात बेचाळीसच्या वेगाचं ते पान होतं.

हे मी विसरले नव्हते. आठवतही नव्हते. माझ्याकडे दोन वाक्यं होती. एक सांगायचं होतं, ते मी इतक्या वेळा सांगितलं की त्याखाली दुसरं आहे हे मलाच दिसेना. ज्यांच्याकडे मी कामाला आहे त्यांच्याकडे याला तीन शास्त्रांतली तीन नावं असतील. मी याला खोटं बोलणं म्हणते. तर्कशास्त्राच्या पदवीला तेवढं कळतं.

२३ ऑक्टोबर

तोंडाने सांगायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा ती कापड बेतत होती, म्हटलं बेत बिघडेल. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “काय गं, बरं नाही का तुला? चेहरा बघ कसा झालाय,” आणि माझ्या कपाळाला हात लावला. त्या हाताखाली बोलता आलं नाही.

एक विचार असाही आला की आता सांगून तिला काय मिळणार? तिची एकेचाळीस वर्षं परत येणार आहेत का? उलट जी एक बहीण उरली आहे तीही जाईल. विचार चांगला बांधलेला होता, तर्काला धरून होता. म्हणूनच मला त्याचा संशय आला.

२५ ऑक्टोबर

काल कचेरीतलं सोपवून झालं. गट बंद करायचं पत्र संचालकबाईंनी स्वतः समितीला पाठवलं. लोककथांचे सर जिन्यापर्यंत आले. म्हणाले, “त्या दिवशी मी आगाऊपणा केला का?” मी म्हटलं, “हो. बरं केलंत.”

घरी आले. धाकटी स्वयंपाकघरात होती. ही वही तिच्यासमोर ठेवली आणि बावीस तारखेचं पान उघडून दिलं. म्हटलं, “वाच. मध्ये थांबू नकोस.”

तिने हात पुसले, चष्मा लावला, उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी ओट्याजवळ उभी होते. बाहेर कुणीतरी पडदा न्यायला आलं होतं, बेल वाजवून निघून गेलं.

मग चष्मा काढून तिने विचारलं, “तुझ्याच नावाने?”

“हो.”

“तीनही वेळा?”

“तीनही वेळा.”

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “मरताना ती मला बोलावत असणार, आणि मी नव्हते. इतकी वर्षं रोज.” मग हसल्यासारखं केलं. “मला बोलावलंच नव्हतं तिने.”

मी म्हटलं, “धाकटे.”

“आत्ता नको, अक्का. आत्ता काही बोलू नकोस.”

वही घेऊन ती आपल्या खोलीत गेली. आज सकाळी माझ्या दाराशी ठेवलेली सापडली. काही लिहिलेलं नाही, पान दुमडलेलं नाही. ती अजून खोलीतच आहे. बॅगेच्या चेनचा आवाज आला. बॅग भरते आहे की रिकामी करते आहे, विचारलेलं नाही.

२६ ऑक्टोबर. सोपवलेल्या गोष्टींची नोंद

संचालकबाईंकडे: त्रेसष्ट रेकॉर्डिंग, मूळ. सदोष प्रती सव्वीस, वाक्याखाली लाल रेघ मारून. त्याच सव्वीस प्रती दुरुस्त करून. त्या ठिकाणी कंसात फक्त ‘शांतता’. घड्याळजीचं रेकॉर्डिंग आणि प्रत, वेगळी, प्रयोगाच्या नोंदीसह. खोलीची किल्ली, कपाटाची किल्ली. सर्व पोचले, सही घेतली.

मेंदूवाल्या डॉक्टरांकडे: यंत्रात बसायला नकाराचं पत्र. पोचलं, सही घेतली.

धाकटीकडे: ही वही, हे पान धरून, आणि घरात इतकी वर्षं आईची म्हणून माझ्या खोलीत असलेली खुर्ची. खुर्ची तिने आत घेतली. वहीची सही मागितलेली नाही.